गोऱ्ह्यांचे फुले कसे झाले?

ईट (ता. भूम) : वारसाच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालणारा माणूस पणजोबाचे नाव विचारले की गडबडतो. आडनाव कुठून आले, हे तर बहुतेकांना ठाऊकच नसते. आपल्याकडे कुणी हुद्द्यावरून पाटील, कुणी गावावरून अमुककर, कुणी धंद्यावरून. महात्मा जोतीराव फुले हे त्यातले धंद्यावरचे.

फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, ता. खटाव. मूळ आडनाव गोऱ्हे. जोतीरावांचे पणजोबा तिथे चौगुला होते. चौगुला म्हणजे पाटलाच्या हाताखालचा वतनदार. हकीकत अशी सांगतात, की गावच्या कुलकर्ण्याचा जाच असह्य झाला, त्यात त्याचा खून झाला आणि पणजोबांनी रातोरात गाव सोडले. ते पुरंदर तालुक्यात खानवडीला येऊन राहिले. मुलगा शेटीबा पुढे कर्जात बुडाला आणि पोराबाळांसह पुण्याला गेला.

शेटीबाची तीन मुले : राणोजी, कृष्णा, गोविंद. तिघेही फुलांच्या धंद्यात तयार झाले. हार, गजरे, फुलांच्या गाद्या असे नाजूक काम. पेशव्यांच्या वाड्यावर माल जाऊ लागला आणि कामावर खूष होऊन पेशव्यांनी ३५ एकर जमीन इनाम दिली. लोक फुले म्हणू लागले, गोऱ्हे मागे पडले. पण इनाम थोरल्या राणोजीने एकट्याच्या नावावर करून घेतले. धाकट्या दोघांच्या हाती नुसता धंदा राहिला. (असले फेरफार आपल्या शिवारातही कमी नाहीत!)

गोविंदरावांचे धाकटे चिरंजीव जोतीराव. जन्म १८२७. आई चिमणाबाई लहानपणीच वारल्या. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी पोराला शाळेतून काढून मळ्यात घातले होते, नंतर पुन्हा शाळेत पाठवले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज, हे सर्वांना माहीत आहे. आमच्या खात्याच्या माणसाला मात्र १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ जवळचा. ताली-बंधारे घालून पाणी जिरवा, विहिरींच्या पाण्याचा शोध घ्या, जनावरांची पैदास सुधारा. पाणलोटाच्या सभेत आम्ही जे सांगतो, ते त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले होते. कुलकर्ण्यांच्या लेखणीने रयत कशी नागवली जाते, तेही त्यांनी सोडले नाही. खुद्द घराण्याला त्याचा चटका बसलेला होता.

जोतीराव-सावित्रीबाईंना मूल नव्हते. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. भाऊबंदांना ते रुचले नाही. म्हणून जोतीरावांनी १८८७ साली रीतसर मृत्युपत्र करून मिळकत यशवंताच्या नावे लिहून दिली आणि सरकारदरबारी नोंदवली. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंद अडून बसले. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे त्यांनीच हातात घेतले.