योहान सेबास्टियन बाख

कुर्डुवाडीच्या वडील मंडळींस स्मरत असेल की, इ. स. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेचा मार्ग अवघा अडीच फूट रुंद होता. मोठ्या गाडीने आलेला माल तेथे लहान डब्यांत भरावा लागे. डबा बदले, माल मात्र तोच राही. संगीतातही असा पालट करावा लागतो. तो कसा करावा, हे ज्याच्या कृतीवरून उत्तम कळते, त्या बाखची ही हकीकत आहे.

बाखचा जन्म जर्मनीतील आयझेनाख गावी, वादकांच्या घराण्यात, इ. स. १६८५ मध्ये झाला. वयाची दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच तो आईबापांस अंतरला. वडील भाऊ ओर्ड्रुफ येथील उपासनामंदिरात ऑर्गन वाजवीत असे. त्याने ह्या पोरक्या मुलास आपल्या घरी नेऊन शिकविले. पुढे १७०५ मध्ये बुक्स्टेहूड नामक वृद्ध वादकाचे वादन ऐकण्यास बाख अर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंत, सुमारे चारशे किलोमीटर, पायी गेला. रजा चार आठवड्यांची होती. तो परतला सुमारे चार महिन्यांनी, आणि वरिष्ठांचा ठपका त्यास सोसावा लागला.

वायमार येथे असता त्याने विवाल्डी ह्या इटालियन रचनाकाराच्या, अनेक तंतुवाद्यांसाठी केलेल्या कृती एकट्या वादकास वाजविता याव्या अशा बसविल्या. काही ऑर्गनवर, काही हार्पसिकॉर्डवर. हार्पसिकॉर्ड दिसण्यात पियानोसारखे असते. परंतु त्याची कळ दाबताच तार छेडली जाते, म्हणून नाद लवकर विरतो. १७१७ मध्ये त्याने ती नोकरी सोडू मागितली, तेव्हा सरदाराने त्यास सुमारे चार आठवडे बंदीत ठेविले. १७२० मध्ये तो धन्यासह प्रवासास गेला असता त्याची पत्नी वारली. तो घरी आला तेव्हा तिचे दफनही होऊन गेले होते.

१७२३ पासून अखेरपर्यंत तो लाइपझिग येथे संगीतशिक्षक होता. तेथे सुमारे १७३० मध्ये त्याने ऑर्गनसाठी सहा सोनाटांचा संग्रह सिद्ध केला. वडील मुलाच्या अभ्यासासाठी तो केला, असे सांगतात. ह्यांत उजवा हात एक चाल वाजवितो, डावा दुसरी, आणि पाय खालच्या पट्ट्यांवर मंद्र स्वर चालवितात. तिन्ही स्वरपंक्ती स्वतंत्र असून कोणतीही दुसरीची दासी नाही.

म्हणूनच ज्यांच्याजवळ ऑर्गन नाही, त्यांसही हे सोनाटे वाजविता येतात. पहिली पंक्ती रेकॉर्डर नामक उभ्या बासरीस द्यावी, दुसरी हार्पसिकॉर्डवरील उजव्या हातास व तिसरी डाव्या हातास. वादक दोन, पंक्ती तीन. बाखने स्वतः असेच केले आहे. दोन बासऱ्या व मंद्र साथ ह्यांसाठी असलेला त्याचा एक सोनाटा गजाने वाजविण्याच्या एका तंतुवाद्यासाठी व हार्पसिकॉर्डसाठीही आहे. त्यात एका बासरीची चाल हार्पसिकॉर्डवरील उजव्या हाताकडे आली आहे.

ह्या पालटात काही गमवावेही लागते. बासरीचा पल्ला लहान. चाल तिच्या आवाक्याखाली उतरली, तर सर्व रचनेची पट्टी बदलावी लागते. ऑर्गनचा स्वर बोट ठेवावे तितका वेळ टिकतो. बासरीवाल्यास मात्र दम घ्यावा लागतो, म्हणून चालीचे चरण पाहून दमाच्या जागा आधीच ठरवाव्या लागतात. पायपट्ट्यांचा गंभीर घोष तर मिळतच नाही. घोष गेला तरी चालेल, परंतु तिहींपैकी एकही पंक्ती गाळू नये.

अखेरीस बाखची दृष्टी अधू झाली. डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया होऊनही गुण आला नाही, आणि २८ जुलै १७५० रोजी तो मरण पावला. केवळ देवाला गौरव असो, ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे तो आपल्या अनेक रचनांच्या शेवटी लिहीत असे.

ज्या मंडळीजवळ एक पेटी व एक बासरी एवढेच आहे, तिने खिन्न होऊ नये. आपल्या पेटीत एक हात भात्यास गुंतलेला असतो, म्हणून तिसऱ्या पंक्तीसाठी शेजारच्या गावाहून दुसरी पेटी आणावी. मग जे भव्य मंदिरात वाजले, ते पत्र्याच्या छपराखालीही वाजेल.