बेझंटबाईंचे दोन खटले

डॉ. ॲनी बेझंट हे नाव आपल्याला ठाऊक असते ते होमरूल चळवळीमुळे. १९१६ च्या एप्रिलमध्ये लोकमान्य टिळकांनी आपली होमरूल लीग काढली, सप्टेंबरमध्ये बाईंनी आपली. आणि १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसच्या त्या अध्यक्षा झाल्या. पाठ्यपुस्तकातील धडा बहुधा इथेच संपतो. मला मात्र त्यांच्या आयुष्यातील दोन खटले अधिक बोलके वाटतात. पहिल्यात त्यांच्या पोटची मुलगी त्यांच्यापासून काढून घेतली गेली. दुसऱ्यात एका पित्याने आपली मुले त्यांच्याकडून परत मागितली. दोन्ही वेळा फिर्यादीची भूमिका एकच होती : मुलांना वाचवायचे आहे.

ॲनी वुड यांचा जन्म १ ऑक्टोबर १८४७ रोजी लंडनला झाला. विसाव्या वर्षी फ्रँक बेझंट या धर्मोपदेशकाशी त्यांचा विवाह झाला. डिग्बी हा मुलगा आणि मेबल ही मुलगी अशी दोन अपत्ये झाली. १८७१ साली तान्ह्या मेबलला डांग्या खोकला झाला आणि ती मरणाच्या दारातून परत आली. निष्पाप लेकराला एवढ्या यातना देणारा देव दयाळू कसा, या प्रश्नाने आईच्या श्रद्धेला तडा गेला. पुढे पतीला सिब्सी या खेड्यातील चर्च मिळाले. धर्मगुरूच्या पत्नीनेच चर्चमधील प्रसादविधी नाकारावा, हे त्याला सहन होणे शक्य नव्हते. विधी पाळ, नाहीतर घर सोड, असा पेच उभा राहिला. बाईंनी घर सोडले. १८७३ साली विभक्त होण्याचा करार झाला. मुलगा बापाकडे राहिला, मुलगी आईकडे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये झालेल्या कायद्याने, मुलाचा ताबा आईकडे देणारा असा करार वैध ठरवला होता. मात्र त्यात एक फट होती. करार मुलाच्या हिताचा नाही असे न्यायालयाला वाटले, तर तो बंधनकारक राहत नसे.

त्या फटीतून पती आत शिरला. बाई आता चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्याबरोबर निरीश्वरवादाचा प्रचार करीत होत्या. १८७७ साली दोघांनी संततिनियमनावरील डॉ. नोल्टन यांची पुस्तिका छापली, त्यावर खटला झाला आणि शिक्षाही सुनावली गेली. पुढे तांत्रिक कारणावरून ती रद्द झाली. पण फ्रँक बेझंट यांना हवे होते ते कारण मिळाले. १८७८ साली सर जॉर्ज जेसेल यांच्यापुढे बाईंनी आपली बाजू स्वतःच मांडली. मुलीची आबाळ होते असे कोणी म्हणाले नाही. आईच्या मायेबद्दल न्यायाधीशांनाही शंका नव्हती. पण मुलीला धर्मशिक्षण न देणारी आणि असली पुस्तिका छापणारी स्त्री समाजात बहिष्कृत होईल आणि तिच्याबरोबर मुलगीही, असे त्यांचे मत पडले. आठ वर्षेही पुरी न झालेल्या मेबलला घरातून नेण्यात आले. आई तापाने अंथरुणाला खिळली. १८७९ च्या अपिलातही ताबा मिळाला नाही, भेटीची मुभा तेवढी मिळाली. पण प्रत्येक भेट लेकरांच्या मनाची ओढाताण करणारी. बाईंनी त्या भेटीही सोडल्या. मोठी झाल्यावर दोन्ही मुले आपण होऊन आईकडे आली.

पुढे बाई थिऑसॉफीकडे वळल्या, १८९३ साली हिंदुस्थानात आल्या आणि १९०७ मध्ये मद्रासजवळील अड्यार येथे मुख्यालय असलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा झाल्या. तेथे काम करणारे नारायणय्या हे विधुर गृहस्थ. त्यांचा मुलगा जे. कृष्णमूर्ती हा भावी जगद्गुरू आहे अशी सोसायटीतील मंडळींची खात्री पटली. १९१० साली नारायणय्यांनी लेखी पत्र देऊन कृष्णमूर्ती व नित्यानंद या दोन मुलांचे पालकत्व बाईंना दिले. बाईंनी त्यांना इंग्लंडला नेले. लेडबीटर या सहकाऱ्याचा सहवास मुलांना अपायकारक आहे, म्हणून १९१२ साली पिता न्यायालयात गेला.

बाई पुन्हा स्वतःच उभ्या राहिल्या, पण आता दुसऱ्या बाजूला. १९१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पित्याचा विशिष्ट आरोप सिद्ध मानला नाही, पण लेडबीटर मुलांजवळ असणे योग्य नाही असे ठरवून ताबा पित्याकडे दिला. अपिलातही तेच झाले. १९१४ च्या मे महिन्यात प्रिव्ही कौन्सिलने हा निकाल फिरवला. पित्याने दिलेले पालकत्व त्याला परत घेता येते, हे तिने मान्य केले. पण मुले इंग्लंडमध्ये असताना हा दावा तेथे चालायला नको होता. शिवाय त्या मुलांची इच्छा कोणी विचारलीच नव्हती.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही शेवटची गोष्ट. नारायणय्यांची काळजी खोटी होती असे मी म्हणणार नाही. मुलाला खरा धोका असेल तर आई असो वा बाप, त्याचा हक्क काढून घ्यावाच लागतो. पण धोका दाखवायचा तो मुलाच्या स्थितीवरून, मोठ्यांच्या मतांवरून नव्हे. मेबलच्या बाबतीत तोलली गेली ती आईची मते. आपल्याकडील १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात मुलाचे हित पाहावे आणि ते जाणते असेल तर त्याची पसंतीही विचारात घ्यावी अशी तरतूद आहे. वेगळे होणाऱ्या आईबापांनी न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी हा प्रश्न घरातच विचारला, तर किती मेबल वाचतील!