केप्लरची ईश्वरनिष्ठा

ईश्वर मानणाऱ्यानें सृष्टिनियमांची उठाठेव कशास करावी, असें पुसणाऱ्यांनीं केप्लरचें चरित्र पाहावें. १५७१ त जर्मनींत जन्मलेला हा गृहस्थ धर्मोपदेशक व्हावयाचा, तो ज्योतिर्विद झाला. टायको ब्राहीच्या मंगळवेधांशीं त्याचें गणित अवघ्या ८ कलांनीं चुकलें. ईश्वराच्या सृष्टींत चूक नाहीं, ती आपल्या कल्पनेंत आहे, असें मानून त्यानें वर्तुळकक्षेचें पूर्वापार मत टाकलें व १६०९ त दीर्घवर्तुळाचा नियम प्रसिद्ध केला. पुढें त्याच्या वृद्ध मातेवर चेटकाचा खटला झाला. ज्या दुखण्यांचा आळ तिच्यावर होता त्यांचीं कारणें नैसर्गिक आहेत, असा बचाव त्यानें मांडला. १६२१ त ती सुटली. देव मानून पुरावा न मानणें यास आम्ही भक्ति म्हणत नाहीं; तो आळस होय, आणि अशा आळसानें निरपराधांचे प्राण जातात.