खरी बातमी आणि संशयितांची यादी

१ जून १९४१ रोजी टोकियोहून एक बिनतारी संदेश मॉस्कोत लाल सेनेच्या हेरखात्याकडे आला. बर्लिनहून बँकॉकच्या नेमणुकीवर निघालेला एक जर्मन लष्करी अधिकारी वाटेत टोकियोत उतरला असून, जर्मनी १५ जूनच्या सुमारास रशियावर चढाई करील असे तो सांगतो, हा त्या संदेशाचा मथितार्थ. खात्यातील वरिष्ठांनी तो वाचला आणि संशयास्पद व दिशाभूल करणाऱ्या बातम्यांच्या यादीत घालावा, असा शेरा मारून तो बाजूला ठेवला. तीन आठवड्यांनी, २२ जूनच्या पहाटे, तीस लाखांहून अधिक जर्मन सैन्य सरहद्द ओलांडून रशियात घुसले.

संदेश धाडणारा होता रिचर्ड झोर्गे. पुढे जगाने त्याला विसाव्या शतकातील श्रेष्ठ हेरांत गणले. बहिऱ्या स्टालिनच्या कानी कपाळी ओरडणारा एकटा द्रष्टा असे त्याचे चित्र आता रूढ झाले आहे. ते खोटे नाही. पण अर्धेच आहे. इतकी मोलाची बातमी त्या यादीत गेली कशी, हा प्रश्न स्टालिनच्या हेकटपणाकडे बोट दाखवून सुटत नाही.

झोर्गेचा जन्म १८९५ सालचा, बाकूजवळचा. वडील तेथील तेलखाणींवर काम करणारे जर्मन अभियंता, आई रशियन. बालपणीच कुटुंब बर्लिनला आले. १९१४ साली हा विद्यार्थी शाळेचे बाक सोडून थेट आघाडीवर गेला, तीनदा जखमी झाला, आणि शौर्यपदकाबरोबरच जन्माचे लंगडेपण घेऊन परतला. रुग्णालयात पडल्या पडल्या त्याने मार्क्स वाचला. हॅम्बुर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट आणि कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व या दोन्ही गोष्टी त्याने १९१९ साली मिळवल्या. १९२४ साली तो मॉस्कोस गेला आणि १९२९ साली यान बेर्झिन या हेरखात्याच्या प्रमुखाने त्याला आपल्याकडे ओढले.

पहिली कामगिरी शांघायची. तेथे ॲग्नेस स्मेडली या अमेरिकन लेखिकेमुळे होत्सुमी ओझाकी या जपानी वार्ताहराशी त्याची गाठ पडली. या स्मेडलीबाई म्हणजे सरोजिनी नायडूंचे क्रांतिकारक बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्या बर्लिनमधील अनेक वर्षांच्या सहचारिणी. वीरेंद्रनाथांचा अंत १९३७ साली स्टालिनच्या शुद्धीकरणात गोळी खाऊन झाला. ते शुद्धीकरण या कथेत पुन्हा येणार आहे.

सप्टेंबर १९३३ मध्ये झोर्गे जपानात उतरला तो जर्मन वृत्तपत्रांचा प्रतिनिधी म्हणून. पुढे फ्रांकफुर्टर झाइटुंग या प्रतिष्ठित दैनिकासाठी त्याने लिहिलेले लेख खुद्द जर्मनीत आदराने वाचले जात. त्याने नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले, जर्मन वकिलातीत ऊठबस वाढवली आणि ऑयगेन ऑट या लष्करी अधिकाऱ्याचा तो जिवलग झाला. हाच ऑट १९३८ साली राजदूत झाला, तेव्हा वकिलातीची कपाटे झोर्गेपुढे जणू आपोआप उघडली. त्याच वर्षी मद्याच्या अमलाखाली मोटारसायकल पिटाळताना तो भिंतीवर आदळला. जबडा फुटलेला, दात पडलेले, आणि खिशात गुप्त कागद. आपला बिनतारी यंत्रचालक माक्स क्लाउझेन रुग्णालयात येऊन ते कागद हलवीपर्यंत या गृहस्थाने शुद्ध हरपू दिली नाही!

मात्र अशा प्रसंगांवरून झोर्गेचे मोठेपण ठरवणे हा त्याच्यावर अन्यायच होईल. त्याच्या घरी जपानविषयक आठशे ते हजार ग्रंथ होते. तेथील प्राचीन इतिहास, शेती, सैन्याची घडण यांचा त्याने अभ्यास केला होता. कपाटे फोडून मिळणाऱ्या कागदापेक्षा, देश जाणणाऱ्या माणसाने केलेली बातम्यांची निवड अधिक मोलाची, अशी त्याची धारणा त्याने तुरुंगात लिहिलेल्या निवेदनातून स्पष्ट दिसते. ऐकलेले सारे तो मॉस्कोस पाठवीत नसे. ऑटचे मत, ओझाकीचे मत आणि स्वतःचे वाचन यांच्या चाळणीतून उरेल तेच पाठवी. ओझाकी तोपर्यंत पंतप्रधान कोनोये यांच्या सल्लागार मंडळात जाऊन बसला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ती चाळणी किती बारीक होती हे समजेल.

चाळणी टोकियोत होती. मॉस्कोत होता तो पूर. १९४१ च्या पूर्वार्धात बर्लिन, लंडन, बुखारेस्ट, स्वित्झर्लंड अशा कितीतरी दिशांनी युद्धाच्या वार्ता तेथे येत होत्या. बार्टन व्हेली या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ साली अशा चौऱ्याऐंशी पूर्वसूचनांची मोजदाद केली. चौऱ्याऐंशी सूचना मिळूनही गाफील राहावे, याचे सामान्य माणसाला नवल वाटेल. पण त्यांच्या जोडीला जर्मनांनी हेतुपूर्वक पिकवलेल्या कंड्याही तितक्याच जोमाने येत होत्या. पूर्वेकडची सैन्यभरती ही इंग्लंडवरील स्वारी लपवण्यासाठी आहे, अशी एक कंडी. हिटलर आधी मागण्यांची यादी पाठवील आणि नाकारल्यासच लढेल, अशी दुसरी. दुसरी फार चतुर होती. कारण सैन्य दिसत असूनही युद्ध टळेल, ही आशा तिने जागी ठेवली. व्हेलीचा निष्कर्ष असा, की या कंड्यांनी स्टालिनला गोंधळात पाडले नाही, तर चुकीच्या गोष्टीबद्दल निःशंक केले.

त्यात चर्चिलने एप्रिलमध्ये दिलेला इशारा स्टालिनला इंग्रजांचा डाव वाटला, आणि मे महिन्यात हिटलरचा सहकारी हेस विमानाने स्कॉटलंडमध्ये उतरल्यावर तर तो संशय दृढच झाला. हेरखात्याचा तत्कालीन प्रमुख गोलिकोव्ह याने २० मार्चच्या अहवालात जर्मन चढाईच्या निरनिराळ्या योजना नोंदवल्या. त्यांतील एक खऱ्या योजनेशी बरीच जुळणारी होती. आणि शेवटी त्याने लिहिले काय, तर युद्ध याच वसंतात अटळ असल्याच्या अफवा या इंग्रजी किंवा कदाचित जर्मन हेरांनी पसरवलेल्या मानाव्यात! धन्याला काय ऐकायला आवडते हे ओळखून खरी बातमीही खोटीच्या वेष्टनात सादर करण्याची कला दरबारी लोकांना शिकवावी लागत नाही.

झोर्गेलाही निर्दोष म्हणता येत नाही. मे महिन्यातील एका संदेशात त्याने युद्ध महिनाअखेर सुरू होईल असे कळवले होते, आणि यंदा धोका टळेलही, अशी पुस्तीही जोडली होती. मे संपला, युद्ध झाले नाही. मग १५ जून. तोही उलटला. प्रामाणिक हेर ऐकलेले कळवतो आणि हिटलरच स्वतः तारखा बदलत होता, हे आज आपल्याला ठाऊक. टेबलामागच्या अधिकाऱ्याला दिसत होता तो वारंवार चुकणारा, मद्यपी, नाझींच्या पंगतीला बसणारा एक जर्मन. शिवाय त्याला निवडणारा बेर्झिन १९३८ साली गोळी घालून मारला गेला होता आणि त्या काळात बोलावणे येऊनही झोर्गे मॉस्कोस परतला नव्हता. परतला असता तर जिवंत राहिला नसता. न परतल्यामुळे संशयित ठरला. त्याला ओळखणारी, त्याच्या शब्दाची जामीन राहील अशी माणसे खात्याने स्वतःच संपवली होती.

याहून विचित्र गोष्ट टोकियोतच घडत होती. क्लाउझेनने दर्शनी व्यवसाय म्हणून काढलेला नकाशांच्या प्रती छापण्याचा धंदा भरभराटीला आला आणि साम्यवादावरचा त्याचा विश्वास उडाला. झोर्गे लिहून देई. हा त्यातील बरेचसे फाडून टाकी. १९४१ साली पाठवलेला मजकूर आदल्या वर्षीच्या निम्म्याहूनही कमी होता. कबुलीजबाबात आपला देशद्रोह सौम्य ठरावा म्हणून क्लाउझेनने थोडी अतिशयोक्ती केली असेल. तरी गोष्ट मुळात खरी दिसते. अटक होईपर्यंत झोर्गेला याची गंधवार्ता नव्हती. गुप्ततेच्या नियमाने सांकेतिक लेखन आणि प्रक्षेपण एकाच माणसाच्या हाती ठेवले, की त्याच्यावर पहारा कोण करणार?

युद्ध पेटल्यावर मात्र मॉस्कोचे कान टवकारले. जपान सैबेरियावर चालून येईल काय, हा आता जीवनमरणाचा प्रश्न होता. जपान यंदा रशियावर हल्ला करणार नाही, असे सप्टेंबरच्या मध्यास झोर्गेने ओझाकीच्या आधारे कळवले. सैबेरियातील तुकड्या मॉस्कोच्या बचावाला धावल्या, त्याचे संपूर्ण श्रेय त्याला देण्याचा प्रघात आहे. वस्तुतः काही तुकड्या आधीच हलल्या होत्या आणि इतर मार्गांनीही तशाच बातम्या येत होत्या. या वेळी त्याच्यावर विश्वास बसला, कारण या वेळी तो एकटा नव्हता.

१८ ऑक्टोबर १९४१ रोजी त्याला अटक झाली. तीन वर्षे तो सुगामोच्या तुरुंगात होता. हा आमचा माणूस आहे, असे मॉस्कोने कधीच म्हटले नाही. त्याची रशियन पत्नी कात्या हिला मॉस्कोतच पकडून सैबेरियात धाडले. १९४३ साली ती तेथेच वारली. ७ नोव्हेंबर १९४४ रोजी, रशियन क्रांतीच्या वर्धापनदिनी, झोर्गे आणि ओझाकी यांना फाशी देण्यात आले.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९६४ साली, सोव्हिएट संघाने त्याला वीर ही सर्वोच्च पदवी दिली आणि पुढच्या वर्षी टपालाचे तिकीटही काढले. त्याआधीच्या क्रुश्चेव्ह राजवटीत, २२ जून ही नेमकी तारीख सांगणारा त्याचा एक संदेश प्रसिद्धीस आला आणि पुस्तकापुस्तकांतून फिरू लागला. तो बनावट होता, हे रशियन हेरखात्याच्या प्रवक्त्याने २००१ साली मान्य केले. तोवर तो असंख्य लेखांत उद्धृत होऊन गेला होता.

टोकियोत झोर्गेबरोबर राहिलेल्या इशिई हानाको या जपानी बाईने युद्ध संपल्यावर बेवारशांच्या दफनभूमीत त्याचा शोध घेतला. सांगाडा त्याचाच आहे हे तिने कोणाच्या सांगण्यावरून मानले नाही. पहिल्या महायुद्धात मोडलेले पायाचे हाड आणि अपघातानंतर बसवलेले सोन्याचे दात तिने स्वतः पाहिले, अस्थी तामा येथील दफनभूमीत पुरल्या आणि त्या सोन्याची अंगठी करून बोटात घातली.