विश्लेषण : दाभोळहून घरी निघालेला निकितिन शेवटच्या समुद्रावर का अडकला?

अफानासी निकितिन हे नाव महाराष्ट्रात अनेकांना दोन कारणांनी माहीत असते. एक, रेवदंड्यातला त्याच्या नावाचा स्मृतिस्तंभ आणि दुसरे, १९५७ चा ‘परदेसी’ हा चित्रपट. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या सुमारे पाव शतक आधी हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. तो परत गेला कसा, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. खरे तर त्याच्या प्रवासातले सर्वांत अवघड आठवडे अगदी शेवटी आले. घराकडे जायला एकच समुद्र ओलांडायचा उरला होता, तेव्हा.

हा माणूस एकटा कसा पडला?

निकितिन व्होल्गाकाठच्या त्व्हेर शहराचा. त्या वेळी त्व्हेर हे मॉस्कोपासून वेगळे संस्थान होते. तो निघाला भारताकडे नव्हे, तर आजच्या अझरबैजानातल्या शिर्वानकडे. लोकरी कातडी घेऊन जायची, विकायची आणि परत यायचे, असा साधा बेत होता. सोबत इतर व्यापारी होते. शिर्वानच्या शहाचा वकील ९० शिकारी ससाणे घेऊन मायदेशी परतत होता, त्याच्या काफिल्याबरोबर जाणे सुरक्षित, असा हिशेब होता.

आस्त्राखानजवळ तातारांनी काफिला लुटला. कॅस्पियन समुद्रात वादळाने एक जहाज किनाऱ्यावर फेकले आणि त्यावरचे लोक पकडले गेले. मदतीसाठी शिर्वानच्या शहाकडे अर्ज केला, तर त्याने काहीच दिले नाही. मग सगळ्यांची पांगापांग झाली. ज्यांचे गावी काही होते ते परत गेले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितिन दुसऱ्या गटातला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रिकाम्या हाताने त्व्हेरला परतणे म्हणजे सावकाराच्या दारात उभे राहणे. तो दरबंद, बाकू करत इराणात शिरला आणि काही काळाने होर्मुझ बंदरात पोहोचला.

तिथे त्याने एक घोडा घेतला. दख्खनमध्ये घोडे पैदा होत नाहीत आणि त्यांना मोठी किंमत येते, हे त्याला कळले होते. घोड्यासह तो होर्मुझहून जहाजाने निघाला आणि सुमारे सहा आठवड्यांनी चौलला उतरला. तिथून पाली, मग घाट चढून जुन्नर.

जुन्नरमध्ये काय घडले?

जुन्नर तेव्हा बहमनी सुलतानीत होते आणि तिथला कारभार असदखान पाहत असे. पावसाळा सुरू झाला होता. जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, अशी नोंद निकितिनने केली आहे. जुन्नरकरांना त्यात नवल वाटणार नाही. हा माणूस मुसलमान नाही हे समजल्यावर असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार सोन्याची नाणी, नाहीतर घोडाही जाईल आणि दंडही बसेल, असा पेच टाकला. मुदत चार दिवसांची. खोरासानचा एक प्रतिष्ठित मुसलमान व्यापारी मध्ये पडला, त्याने खानाची समजूत घातली आणि घोडा परत मिळवून दिला.

घोडा पुढे बिदरला विकला गेला. पण ज्या मालासाठी इतक्या लांब यावे असा माल रशियासाठी इथे नाही, हे निकितिनच्या लवकरच लक्षात आले. मिरी आणि रंग स्वस्त होते खरे, पण समुद्रावरची जकात आणि चाचे यांनी नफा खाऊन टाकला असता. ज्यांनी त्याला भारताबद्दल मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यांच्यावर त्याने आपल्या लिखाणात चांगलाच राग काढला आहे.

मग परत फिरण्याचे कारण काय?

व्यापार फसला हे एक. पण त्याच्या वह्यांमध्ये वारंवार येणारी चिंता वेगळीच आहे. त्याला आजची तारीख कळत नव्हती.

आज हे क्षुल्लक वाटेल. ईस्टर दरवर्षी वेगळ्या दिवशी येतो, त्यावर उपास आणि सण ठरतात. ते काढण्याची पुस्तके त्याने बरोबर घेतली होती, ती लुटीत गेली. आपल्याकडे पंचांग हरवले तर शेजारी तिथी विचारता येते. बिदरमध्ये त्याला असा शेजारी नव्हता. तो पहाटे आकाश पाहायचा, कृत्तिका कुठे आहेत, सप्तर्षींचे तोंड कुठल्या दिशेला आहे, यावरून अंदाज बांधायचा. कधी मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपलेही उपास धरायचा. स्वतःच्या धर्मातले आपल्याकडे नेमके काय उरले, हा प्रश्न तो स्वतःलाच विचारत राहिला. त्याच्या लिखाणात मधेच तुर्की, फारसी आणि अरबी शब्दांचे तुकडे येतात. काही वेळा ते प्रार्थनेतही येतात. यावरून त्याने धर्म बदलला होता का, असा वाद अभ्यासकांत आहे. मला तो वाद थोडा ओढूनताणून आणलेला वाटतो. अनेक वर्षे परक्या भाषेत भाव करणाऱ्या माणसाच्या तोंडी देवाशी बोलतानाही तीच भाषा यावी, यात न समजण्यासारखे काही नाही.

शेवटी दाभोळला पोहोचल्यावर त्याने घरी जायचे ठरवले. होर्मुझपर्यंतचे भाडे होते दोन सोन्याची नाणी.

दाभोळपासून पुढचा मार्ग कसा होता?

सुरुवातच वाईट झाली. एक महिना जमीन दिसली नाही. दुसऱ्या महिन्यात डोंगर दिसले, पण ते होर्मुझच्या दिशेचे नव्हते, आफ्रिकेचे होते. तिथे पाच दिवस थांबावे लागले. किनाऱ्यावरच्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकऱ्या वाटल्या, तेव्हा जहाज लुटीतून वाचले. मग बारा दिवसांनी मस्कत आले. प्रवासातला सहावा ईस्टर त्याने तिथे पाळला.

होर्मुझहून पुढे खुष्कीचा मार्ग. शिराझ, यझ्द, इस्फहान, काशान, तब्रीझ. या टप्प्याविषयी तो फार लिहीत नाही. किती दिवस चाललो आणि किती दिवस थांबलो, एवढेच आकडे देतो. घाईत असलेल्या माणसाची ही वही आहे.

तब्रीझच्या पुढे तो उझून हसनच्या छावणीत पोहोचला. हा तुर्कमान सुलतान तेव्हा इराणचा मोठा भाग राखून होता आणि ऑटोमन सुलतान दुसरा मेहमेद याच्याशी त्याचे युद्ध सुरू होते. शहरे जाळली जात होती, रस्ते बंद होते. कुठेच वाट नाही म्हणून निकितिन दहा दिवस छावणीत बसून राहिला. नंतर एर्झिंजान गाठून तो काळ्या समुद्रावरच्या त्राब्झोनला उतरला.

त्राब्झोनमध्ये त्याची झडती का झाली?

कारण तो शत्रूच्या छावणीतून आला होता. त्राब्झोन हे ग्रीक राज्य १४६१ मध्ये ऑटोमनांनी जिंकले होते. उझून हसनची एक राणी तिथल्याच जुन्या राजघराण्यातली. अशा बंदरात, युद्धाच्या काळात, पूर्वेकडून एक एकटा परदेशी येतो आणि जहाज शोधतो. आजच्या कुठल्याही विमानतळावर त्याला बाजूला घेतले गेले असते.

शहराचा सुबाशी, म्हणजे आपल्या भाषेत कोतवाल, आणि पाशा या दोघांनी त्याचे सगळे सामान वर किल्ल्यात नेले. ते पत्रे, कागद शोधत होते. झडतीत जे काही चांगले होते, ते त्यांनी ठेवून घेतले. दख्खनमधून इतक्या दुरून आणलेल्या वस्तू एका दुपारी संपल्या. शोध कागदांचा होता, तरी त्याच्या वह्या मात्र वाचल्या. व्यापाऱ्याच्या सामानातली सर्वांत कमी किमतीची वस्तू तेवढी त्याच्याकडे राहिली.

क्रिमियातल्या काफापर्यंत जहाजाचे भाडे एक सोन्याचे नाणे ठरले. वाटेतल्या खाण्यापिण्यासाठी त्याने आणखी एक नाणे उसने घेतले, काफाला पोहोचल्यावर फेडण्याच्या बोलीवर. कर्जामुळे घर सुटलेला माणूस परतीच्या शेवटच्या पल्ल्यावर पुन्हा कर्जातच होता.

पाच आठवडे का लागले?

त्राब्झोनला तो देवमातेच्या संरक्षणाच्या सणाला पोहोचला, म्हणजे जुन्या कॅलेंडरप्रमाणे १ ऑक्टोबरला. ही नोंद लक्षात घेण्यासारखी आहे. बिदरमध्ये ताऱ्यांवरून ईस्टर शोधणारा निकितिन आता सणाचे नाव घेऊन दिवस सांगतो. त्राब्झोनमध्ये ग्रीक ख्रिस्ती वस्ती होती, त्यांची चर्च होती. त्यामुळे तारखेविषयीची त्याची शंका इथे संपलेली दिसते.

पण ऑक्टोबरचा काळा समुद्र वाईट. पाच दिवस मुक्काम करून जहाज निघाले, आणखी पाच दिवसांत पश्चिमेकडच्या व्होनापर्यंत गेले आणि उत्तरेच्या जोरदार वाऱ्याने पुन्हा त्राब्झोनकडे ढकलले गेले. मग जवळच्या प्लाताना इथे, म्हणजे आजच्या अक्चाबातला, पंधरा दिवस नांगर टाकून बसावे लागले. दोनदा शीड उभारले, दोनदा वाऱ्याने परत आणले. उसने घेतलेल्या नाण्यावर हे सगळे दिवस काढायचे होते.

अखेर समुद्र पार झाला. आधी बालाक्लाव्हा, मग गुर्झुफ, तिथे पाच दिवस, आणि शेवटी काफा, म्हणजे आजचे फिओदोसिया. नाताळच्या आधीचा मोठा उपास सुरू व्हायला नऊ दिवस होते, अशी त्याची नोंद आहे. हिशेब केला तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा येतो. साल कोणते, यावर दोन मते आहेत. जुन्या मोजणीनुसार १४७२, नव्या मोजणीनुसार १४७४.

काफा जिनोआच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होते आणि तिथे रशियन व्यापारीही असत. कितीतरी वर्षांनी त्याच्या आजूबाजूला स्वतःची भाषा बोलणारी माणसे होती. वही इथेच संपते. शेवटी एक लांब प्रार्थना आहे आणि तिच्यात अरबी शब्दांतली देवाची नावे एकामागून एक येतात.

पुढे काय झाले?

हिवाळा त्याने काफामध्येच काढला असावा आणि नंतर व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर लिथुआनियाच्या मुलखातून उत्तरेकडे निघाला असावा, असा अंदाज आहे. स्मोलेन्स्क तेव्हा लिथुआनियाच्या राज्यात होते. तिथे पोहोचण्याआधीच वाटेत कुठेतरी तो वारला. त्याची कबर कुठे आहे ते माहीत नाही. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या वह्या बरोबरच्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या आणि महाराजाचा कारकून वसिली मामिरेव्ह याच्याकडे दिल्या. त्याच सुमारास, १४७५ च्या जूनमध्ये, ऑटोमनांनी काफा घेतले.

त्या वह्या इतिवृत्तात उतरवल्या गेल्या आणि मग जवळजवळ विसरल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार करामझिन यांना त्यांची एक प्रत मठाच्या ग्रंथालयात सापडली.

इतिवृत्तात वह्यांच्या आधी लेखकाने छोटी टीप जोडली आहे. हा व्यापारी नक्की कोणत्या वर्षी निघाला, हे त्याला हवे होते. निकितिन सुरुवातीला ज्याच्याबरोबर जाणार होता, तो मॉस्कोचा वकील वसिली पापिन, त्याची चौकशी लेखकाने केली. पापिन कझानच्या लढाईत बाण लागून मेला होता. निकितिनही नव्हता. वर्ष काही सापडले नाही, असे प्रामाणिकपणे लिहून त्याने वह्यांची नक्कल सुरू केली.