एन्झो फेरारी आणि शंभर गाड्यांचा नियम

मुंबईत २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही गाडी मूळची इटलीतील फियाट कंपनीची. याच फियाटने १९१८ साली एका तरुणाला नोकरी नाकारली होती. तो तरुण म्हणजे एन्झो फेरारी.

एन्झोचा जन्म १८९८ साली मोदेना या गावी झाला. वडिलांचा धातुकामाचा छोटा कारखाना होता. शाळेत त्याचे मन रमले नाही. १९१६ साली वडील आणि भाऊ दोघेही वारले. महायुद्धात त्याने खेचरांना नाल मारण्याचे काम केले. तेथून आजारी होऊन परतल्यावर फियाटचा नकार पदरी पडला. तरीही तो खचला नाही. १९१९ मध्ये तो शर्यतीत उतरला, १९२९ मध्ये त्याने स्वतःचा शर्यतसंघ काढला आणि १९४७ साली मारानेल्लोच्या कारखान्यातून त्याच्या नावाची पहिली गाडी बाहेर पडली.

शर्यतीचा प्राण वेग असला, तरी गाडीचे रूप ठरते ते नियमपुस्तकात. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा तेव्हा असा नियम होता की, रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांच्या गटात उतरायचे, तर त्या नमुन्याच्या शंभर गाड्या बारा महिन्यांत बनल्या पाहिजेत. मगच त्या नमुन्याला मान्यता मिळे. तिलाच होमोलोगेशन म्हणतात. कोणी एकुलती एक खास गाडी बनवून बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर कुरघोडी करू नये, हा त्यामागचा हेतू.

१९६२ साली फेरारीने '२५० जीटीओ' आणली. नावातला 'ओ' म्हणजे 'ओमोलोगातो', अर्थात मान्यताप्राप्त. प्रत्यक्षात १९६४ पर्यंत अशा गाड्या बनल्या अवघ्या ३६! ही नवी गाडी नाही, आधी मान्यता मिळालेल्या '२५० जीटी'चेच सुधारलेले रूप आहे, असा फेरारीचा दावा होता आणि महासंघाने तो मानला. पण त्यामुळे यंत्रज्ञांचे हातही बांधले गेले. शर्यतीच्या इतर गाड्यांत इंजिन चालकाच्या मागे गेले होते; येथे मात्र ते पुढेच ठेवावे लागले. सगळी कल्पकता खर्ची पडली ती बाह्यांगावर. पुढचे तोंड खाली झुकले, मागची बाजू उंच कापली गेली. आज जिच्या देखणेपणाचे कौतुक होते, ती गाडी अशी नियमाने मोकळ्या ठेवलेल्या जागेत घडली. तिने आपल्या गटाचे विजेतेपद सलग तीन वर्षे मिळवले.

पुढच्या '२५० एलएम'चे इंजिन मागे होते. हीसुद्धा जुन्याच गाडीची सुधारणा, हे म्हणणे महासंघाने फेटाळले. इटलीच्या मोटार संघटनेने पाठराखण केली नाही म्हणून रागावून एन्झोने परवाना परत केला. १९६४ च्या अखेरच्या दोन शर्यतींत त्याच्या गाड्या लाल रंग सोडून पांढऱ्या-निळ्या रंगात धावल्या आणि जॉन सर्टीस जगज्जेता झाला. मान्यता नाकारलेल्या 'एलएम'ने वरच्या गटात उतरून १९६५ ची ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

१९६९ साली दुसऱ्या एका गटासाठी आकडा होता २५. जर्मनीच्या पोर्शने २५ गाड्या ओळीने उभ्या करून दाखवल्या. एन्झोजवळ तेवढे भांडवल नव्हते. त्याच वर्षी त्याने कंपनीचा अर्धा हिस्सा फियाटला विकला आणि त्या बळावर २५ '५१२ एस' गाड्या बांधल्या. नियम सर्वांना सारखाच असतो. पण तो पाळण्याची ऐपत सारखी नसते. चार माग चालवणाऱ्या भिवंडीकराला हे वेगळे सांगायला नको.

३६ गाड्या बनवून शंभरांच्या रांगेत बसणे न्याय्य होते, असे मला वाटत नाही. तरीही मान्यतेसाठी आयुष्यभर झगडलेल्या या माणसाला १९६० साली बोलोन्या विद्यापीठाने अभियांत्रिकीची सन्माननीय पदवी दिली, हे वाचून आनंद होतो. १४ ऑगस्ट १९८८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तो वारला. ज्या फियाटने त्याला दारातून परत पाठवले होते, तीच तेव्हा त्याच्या कारखान्यातील मोठी भागीदार होती.