सरकारचा हिशेब तपासणारे गोखले

मुलांनो, आपल्या उल्हास नदीच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला राज्य सरकारने अनुदान द्यायचे, तर विधिमंडळाची मंजुरी लागते. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या काळी सरकारी खर्चाला अशी मंजुरी लागत नसे.

गोखले १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी शिकवले. १९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सभासदांना तेथे बोलता येई. पण मत देऊन खर्चातला एक रुपयाही कमी करता येत नसे. म्हणून गोखले आकड्यांनीच लढले. दुष्काळात रयत उपाशी असताना तिजोरीत शिल्लक उरते, म्हणजे कर जास्त आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. गरिबाच्या मिठावर एवढा कर कशाला? १९०३ साली तो कमी झाला.

१९१५ साली गोखले वारले. खर्चावर मत देण्याचा हक्क, तोही अपुरा, १९१९ च्या कायद्याने मिळाला.